जुलाब लागल्यावर घरी काय करायचं: जलसंजीवनीची मापं, पाजायची पद्धत आणि हमखास होणाऱ्या चुका

पावसाळा सुरू झाला की नळाला गढूळ पाणी येतं, विहिरीत वरचं पाणी उतरतं आणि घरोघरी कोणीतरी पोट धरून बसतं. जुलाबावरचा उपाय स्वस्त आहे. अंगणवाडीत, आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पुडी फुकट मिळते. पण ती घरी आणल्यावर बरेचदा पेल्यात ओतली जाते, अर्धी दुमडून ठेवली जाते किंवा मुलाने एकदा ओकलं की बंद केली जाते. मग ‘ओआरएसने काही फरक पडला नाही’ म्हणून सलाईन लावायला धाव घेतली जाते. खाली दिलेली मापं आणि पद्धत पाळली, तर साध्या जुलाबात बहुतेकांना सलाईनची गरजच पडत नाही.

आधी जुलाब कशाला म्हणायचं ते ठरवू. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ, पाण्यासारखी शी झाली तर जुलाब. अंगावर पिणारं तान्हं बाळ दिवसातून सहा-सात वेळा पिवळी, मऊ, दाणेदार शी करत असेल, पोटभर पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर तो जुलाब नव्हे. त्याला काहीही द्यायचं नाही. नेहमीपेक्षा वेळा अचानक वाढल्या आणि शी पाण्यासारखी झाली, तर मात्र लक्ष द्यायचं.

लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि तीन ते सात दिवसांत आपोआप ओसरतात. तेवढ्या दिवसांत शरीरातून पाणी, मीठ आणि पोटॅशियम निघून जातं आणि जिवाला धोका होतो तो त्यामुळे. म्हणून घरच्यांचं काम एकच: जेवढं बाहेर गेलं तेवढं तोंडावाटे परत आत घालायचं. पहिल्या दिवशी ‘थांबले का?’ यापेक्षा ‘लघवी झाली का?’ हा प्रश्न महत्त्वाचा.

मीठ आणि साखर एकत्र का

जुलाबात आतड्याची पाणी शोषायची ताकद कमी होते, पण एक वाट बहुतेक वेळा शाबूत राहते. आतड्याच्या पेशींवर ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेणारी दारं असतात. ही जोडी आत गेली की पाणी तिच्यामागोमाग जातं. नुसतं पाणी प्यायलं तर मीठ भरून निघत नाही. नुसतं साखरपाणी प्यायलं तर जास्तीची साखर आतड्यात राहते, अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं, मूल चिडचिडं होतं, त्याला झटकेही येऊ शकतात. म्हणून यात ‘अंदाजे’ चालत नाही.

सध्याचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००२ मध्ये ठरवलेलं आहे. एक लिटर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असं मिळून २०.५ ग्रॅम. त्याआधीच्या पुडीत मीठ आणि ग्लुकोज दोन्ही जास्त होतं. ते कमी केल्यावर उलट्या आणि शीचं प्रमाण घटलं आणि सलाईन लावावी लागणारी मुलंही कमी झाली.

या साध्या पाण्याची खरी परीक्षा आपल्याच देशात झाली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. पाजणारे होते आई-बाप आणि भाऊ-बहिणी, डॉक्टर नव्हते. घरच्यांना हे जमतं, ते तेव्हाच सिद्ध झालं आहे.

पुडी कशी कालवायची

पुडी हातात घेतली की आधी तिच्यावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. बाजारात दोन मापं असतात. २१ ग्रॅमच्या आसपासची मोठी पुडी एक लिटरला असते आणि चार-साडेचार ग्रॅमची लहान पुडी २०० मिलीला, म्हणजे एका पेल्याला. सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. मोठी पुडी पेल्यात ओतली तर पाणी पाचपट कडक होतं. लहान पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर त्याला अर्थ उरत नाही.

आधी हात साबणाने धुवा. पाणी उकळून गार केलेलं घ्या. मापासाठी घरातला तांब्या वापरू नका. तांबे पाऊण लिटरचेही असतात आणि सव्वा लिटरचेही. विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हे घरातलं सगळ्यात खात्रीचं माप. त्या बाटलीने मोजून पाणी स्वच्छ भांड्यात ओता, पूर्ण पुडी एकाच वेळी टाका, चमच्याने दाणे विरघळेपर्यंत ढवळा, झाकण ठेवा. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला, असं करू नका. पुडीतले घटक वेगवेगळ्या जाडीचे असतात, दोन भाग कधीच सारखे होत नाहीत, आणि उघडी पुडी पावसाळी हवेत तासाभरात चिकट होते.

कालवल्यावर उकळायचं नाही. त्यात दूध, साखर, सरबत, ग्लुकोज पावडर काही घालायचं नाही. मुलाला चव आवडत नसेल तर फ्रीजमध्ये थोडं गार करा, बहुतेक मुलं गार पाणी सहज पितात. संत्र्याच्या स्वादाची पुडीही चालते, प्रमाण तेच असेल तर. चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून द्या आणि नवीन कालवा. भांड्यावर कालवल्याची वेळ लिहून कागदाची चिठ्ठी चिकटवा, कारण रात्रपाळीला घरातली दुसरी व्यक्ती असते आणि तिला ठाऊक नसतं. पुडीतली पावडर खड्यासारखी घट्ट झाली असेल किंवा तपकिरी पडली असेल तर ती फेकून द्या.

दुकानातून घेताना आणखी एक गोष्ट. फळांच्या चवीची गोड पेयं खोक्यांत भरून ‘ओआरएस’च्या नावाखाली बरीच वर्षं विकली जात होती. त्यांत साखर कितीतरी जास्त असायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरी दुकानदाराच्या हातावर विसंबू नका. पाकीट उलटं करा आणि वर दिलेले चार घटक ग्रॅममध्ये लिहिलेत का ते पाहा. ‘एनर्जी’, ‘इलेक्ट्रोलाइट ड्रिंक’ असलं काही लिहिलेलं पेय खेळाडूंसाठी ठीक असेल, जुलाबाच्या बाळासाठी ते नव्हे. कोल्ड्रिंक तर अजिबात नको. त्याच्या एका लिटरमध्ये शंभर ग्रॅमच्या वर साखर असते आणि मीठ जवळजवळ नसतं.

पुडी नसेल तर

रात्री दोन वाजता औषधाचं दुकान उघडं नसतं. तेव्हा घरचं साखर-मीठ-पाणी करायचं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे ५ मिलीचा. स्वयंपाकघरातल्या चमच्यांचा काही नेम नाही, भाजीच्या डब्यातला चमचा १० मिलीचाही निघतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर जे प्लास्टिकचं टोपण-माप येतं, त्यावर ५ मिलीची खूण असते. ते धुऊन कोरडं करून वापरा. सपाट म्हणजे चाकूच्या पाठीने वरची शीग काढून टाकलेलं. मीठ बारीक, पाकिटातलं घ्या. खडेमीठ चमच्यात विरळ बसतं, माप कमी भरतं.

पाजण्याआधी स्वतः एक घोट चाखा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा. मिठाचं माप चुकलं असं वाटलं तर कमी मीठ चालेल, जास्त मुळीच नको. या घरगुती पाण्यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, म्हणून सकाळी पुडी मिळाली की तिच्यावर यायचं.

भाताची पेज ही याहूनही जुनी आणि चांगली सोय आहे. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवून, घोटून, पातळ करून त्यात चवीपुरतं मीठ घातलं तर तांदळातला पिष्टमय भाग आतड्यात हळूहळू ग्लुकोज देतो आणि मीठ सोबत असतंच. कोकणात आणि गोव्यात आजारी माणसाला पेज देतात, ती रीत अगदी योग्य आहे. मीठ घातलेलं पातळ ताक चालतं, वरणाचं पाणी चालतं. शहाळ्याचं पाणी द्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, म्हणून ते पुडीच्या जागी नको, जोडीला ठेवा. लिंबू-सरबतात साखर कमी आणि चिमूटभर मीठ असेल तर मोठ्यांना चालेल. ग्लुकोज पावडरमध्ये मीठ नसतं, त्यामुळे ती एकटी कामाची नाही.

किती आणि कसं पाजायचं

प्रत्येक पातळ शीनंतर, झोपलेलं मूल नीट जागं झाल्यावर, एवढं पाजा:

– दोन महिन्यांच्या आतलं बाळ: आधी दवाखान्यात न्या. वाटेत अंगावर पाजत राहा आणि प्रत्येक शीनंतर जलसंजीवनीचे पाच लहान चमचे.
– दोन महिने ते दोन वर्षं: ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा पेला.
– दोन ते दहा वर्षं: १०० ते २०० मिली, म्हणजे अर्धा ते पूर्ण पेला.
– दहा वर्षांवरचे आणि मोठी माणसं: एक-दोन पेले, तहान असेल तर आणखी.

पेला २०० मिलीचा धरलाय. हे माप प्रत्येक शीला आहे, दिवसाचं नव्हे. वर्षाच्या बाळाला दिवसात आठ वेळा शी झाली तर ४०० ते ८०० मिली पोटात जायला हवं. ‘दिवसभरात दोन-तीन चमचे घेतले’ हे पुरेसं नाही.

पाजायचं वाटी-चमच्याने. दुधाच्या बाटलीने देऊ नका. बाटलीच्या निपलच्या कडांत जंतू राहतात आणि बाटलीने मूल घटाघट पितं, मग ओकतं. घरात बोंडलं असेल तर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून मगच वापरा. मुलाला मांडीवर अर्धवट बसतं करा, डोकं थोडं वर, कोपराच्या आधाराने. चमचा खालच्या ओठावर टेकवा आणि ते स्वतः ओढू द्या. तोंड उघडून घशात ओतलं तर ठसका लागतो आणि पुढचा चमचा ते घेत नाही.

वेगाचा हिशोब असा: मिनिटाला एक चमचा म्हणजे ५ मिली, तर तासाला ३०० मिली. दोन मिनिटांना एक चमचा तर तासाला १५० मिली. कंटाळवाणं काम आहे, पण एवढ्या पाण्यासाठी नाहीतर सलाईनची सुई टोचावी लागते. दोघांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या तर निभतं. मोठं मूल असेल तर त्याला पेला हातात द्या, पण एकदम गटागट पिऊ देऊ नका. दोन घोट, थांबा, मग दोन घोट.

उलटी झाली तर घाबरून बंद करू नका. उलटीने सगळं बाहेर येत नाही, काही भाग आधीच शोषला गेलेला असतो. दहा मिनिटं थांबा, तोंड पुसा, मग पुन्हा सुरू करा, पण हळू: दर दोन-तीन मिनिटांनी एकच चमचा. बहुतेक मुलांची उलटी अशाने थांबते, कारण ती बहुधा एकदम जास्त पाजल्यानेच झालेली असते. हळू पाजूनही प्रत्येक चमचा बाहेर येतोय, पोटात काहीच टिकत नाही, तर मग दवाखाना.

पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर जलसंजीवनी थांबवा. साधं पाणी आणि अंगावरचं दूध द्या, सूज उतरली की गरजेप्रमाणे पुन्हा सुरू करा.

डायपर काढून ठेवा. पातळ शी डायपरात शोषली जाते, लघवी झाली की नाही ते कळत नाही आणि जांघा सोलवटतात. जुलाबाच्या दिवसांत लंगोट किंवा कापडी दुपटं बरं, रंग आणि ओल लगेच दिसते. पुसण्यापेक्षा पाण्याने धुवा, कोरडं करा आणि खोबरेल तेल लावा.

कोरडेपणा ओळखायचा कसा

हे दर तीन-चार तासांनी नीट उजेडात पाहायचं. डोळे नेहमीपेक्षा खोल गेलेत का? रडताना पाणी येतंय का? तोंड कोरडं पडलंय का? तान्ह्या बाळाची टाळू खाली बसलीये का? शेवटची लघवी कधी झाली आणि तिचा रंग गडद होता का? शेवटी कातडीची परीक्षा: बेंबी आणि कूस यांच्या मध्यावर पोटाची कातडी अंगठा आणि तर्जनीने उभी चिमटीत धरा, सेकंदभर थांबून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. हळू बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त तशीच उभी राहिली तर फार पाणी गेलंय. म्हाताऱ्या माणसांची आणि फार रोडावलेल्या मुलांची कातडी एरवीही सैल असते, त्यांच्यात या चिमटीवर भिस्त ठेवू नका.

डोळे खोल, मूल चिडचिडं, पाणी दिसताच झडप घालून पितंय, चिमट हळू बसतेय: दवाखान्यात निघायची तयारी करा, पण पाजणं चालूच ठेवा. अशा मुलाला पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोला ७५ मिली लागतं. आठ किलोच्या मुलाला ६०० मिली. रस्ता लांबचा असेल तर कालवलेल्या पाण्याची बाटली आणि वाटी-चमचा पिशवीत घ्या, गाडीत पाजा.

पुढचं काहीही दिसलं तर घरी वेळ घालवायचा नाही: मूल निपचित पडलंय, हाक मारली तर डोळे उघडत नाही, प्यायला देऊनही पीत नाही, चिमट उभी राहते, हातपाय गार पडलेत. याशिवाय शीत रक्त, जोराचा ताप, पोट फुगून टणक होणं, हिरवी किंवा रक्ताची उलटी, लहान मुलाला सहा तासांहून जास्त लघवी न होणं. महाराष्ट्रात १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका फुकट येते.

तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी, पाण्याचा लोंढा यावा तशी शी होत असेल, विशेषतः गावात किंवा वस्तीत एकापाठोपाठ माणसं आजारी पडत असतील, तर कॉलऱ्याचा संशय धरा. त्यात मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. एका पुडीचं पाणी पाजत, दुसरी पुडी सोबत घेऊन थेट सरकारी रुग्णालय गाठा.

झिंक: अर्ध्या घरांत अर्धवट सुटणारं औषध

पुडीबरोबर झिंकच्या गोळ्या मिळतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत रोज एक, २० मिलिग्रॅमची. चमच्यात अंगावरचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या, गोळी टाका, ती अर्ध्या मिनिटात विरघळते. काहीजणांना धातूसारखी चव नकोशी वाटते आणि एखादी उलटी होते. ती काही खाल्ल्यावर दिली तर कमी होते.

मुदत १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या कपाटात जातात, ही नेहमीची चूक. झिंक आतड्याचं सोलवटलेलं अस्तर भरून काढायला मदत करतं, आत्ताचा जुलाब लवकर आटोपतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. हा दुसरा फायदा पूर्ण चौदा दिवस दिल्यावरच मिळतो. कॅलेंडरवर १४ चौकोन करा आणि रोज एक खोडा.

उपाशी ठेवू नका

‘पोटाला आराम द्या’ म्हणून मुलाला दोन दिवस नुसत्या पाण्यावर ठेवायची पद्धत अजून आहे. ती सोडायला हवी. आतड्याच्या अस्तराला अन्न मिळालं की ते लवकर भरून येतं. उपाशी मूल अशक्त होतं आणि जुलाब लांबतात. अंगावरचं दूध बंद तर करायचंच नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. सहा महिन्यांवरच्या मुलाला मऊ वरण-भात, मुगाची खिचडी त्यात चमचाभर तेल किंवा तूप, दही-भात, पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा द्या. थोडं थोडं, तीन-चार तासांनी. भूक नाही म्हणून जबरदस्ती नको, पण ताट समोर ठेवायचं. तेल-तूप पूर्ण तोडायची गरज नाही, फक्त वडे-भजी, फरसाण, पाकिटबंद रस आणि मिठाई काही दिवस लांब ठेवा. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसात एक वेळचं जास्त जेवण द्या, म्हणजे घटलेलं वजन भरून निघतं.

आजीच्या बटव्यातल्या काही गोष्टींवर बोललंच पाहिजे. कोरी चहापावडर पाण्याबरोबर गिळणं किंवा डाळिंबाची साल उगाळून देणं, याने बाहेर गेलेलं पाणी भरून येत नाही. मोठ्या माणसाने केलं तरी सोबत जलसंजीवनी हवीच. तान्ह्या बाळाला मात्र जायफळ उगाळून देऊ नका. जास्त झालं तर गुंगी येते, आणि जुलाबातलं बाळ झोपेने पेंगतंय की पाणी कमी पडल्याने, हे कोणालाच कळत नाही.

औषधाच्या दुकानातून काय आणू नये

मेडिकलमध्ये ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हटलं की दोन प्रकार हातात पडतात. एक आतड्याची हालचाल थांबवणारा, लोपेरामाइड. लहान मुलांना हा द्यायचा नाही. पोट फुगू शकतं, आतडी थबकू शकतात. मोठ्यांनीही ताप असेल किंवा शीत रक्त पडत असेल तर घेऊ नये. प्रवासात, एसटीत पाच तास बसायचं असेल तर निरोगी प्रौढाने एखादी गोळी घेतली तर हरकत नाही, पण त्याने कोरडेपणा कमी होत नाही, पाणी प्यावंच लागतं.

दुसरा प्रकार दोन जंतुनाशकांची (अँटिबायोटिक्सची) एकत्र गोळी. विषाणूंच्या जुलाबावर ती काहीच करत नाही, पोटातले चांगले जिवाणू मात्र मारते आणि कधीकधी जुलाब वाढवते. जंतुनाशक लागतं ते रक्ती आवेत, कॉलऱ्यात किंवा तपासणीत विशिष्ट जंतू सापडला तर. ते डॉक्टर ठरवतील. राहिलं सलाईन. मूल पीत असेल, उलट्या आवरल्या असतील, तर हाताला सुई लावून मिळणारं पाणी तोंडावाटे मिळणाऱ्यापेक्षा वरचढ नसतं. साध्या सलाईनमध्ये मीठ असतं, पोटॅशियम नसतं. डॉक्टर ‘घरी पाजा’ म्हणाले तर हट्ट धरू नका.

वयस्कर माणसं आणि चालू औषधं

सत्तरीच्या पुढे तहान कमी लागते, म्हणून ‘तहान नाही’ हा पुरावा धरू नका. घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला अर्धा पेला द्या. रक्तदाबाचे रुग्ण मिठाला घाबरतात. जुलाबाच्या दोन-चार दिवसांत पुडीतलं मीठ हे गेलेल्या मिठाची भरपाई आहे, ते प्यायला हवं. मधुमेहींनीही प्यावं. लिटरभर पाण्यात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. साखर घरच्या यंत्रावर तपासत राहा.

खरी काळजी औषधांची. ‘पाण्याची गोळी’ म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या, मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या मधुमेहाच्या गोळ्या, या कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला जड जातात. जुलाब सुरू झाले त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करून कोणती गोळी थांबवायची ते विचारा. मनाने सगळं बंद करू नका, इन्सुलिन तर नाहीच. हृदय नीट काम करत नसेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, डायलिसिस चालू असेल, तर पाणी किती प्यायचं हेही डॉक्टरांनीच सांगायचं. वरची मापं त्यांना लागू नाहीत.

बाकीचं घर वाचवायचं असेल तर

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की माती तळाला बसते, पण जंतू मरत नाहीत. गाळून, बसवून घेतलेलं पाणी खळखळ उकळू द्या, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा. धुतलेल्या पण ओल्या माठात ओतलं की पुन्हा शून्यावर. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनचं द्रावण किंवा गोळ्या वापरा, मात्रा बाटलीवरचीच आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. गावच्या विहिरीत ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली का ते विचारायला लाजू नका. पाणी काढायला ओगराळं ठेवा, पेला बुचकळू नका.

मुलाची शी धुतल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवा. नुसत्या पाण्याने धुतलेल्या हातांनी कणीक मळली की घरातला दुसरा माणूस दोन दिवसांत पडतो. हातावरचं सॅनिटायझर काही विषाणूंवर फारसं चालत नाही. तान्ह्या बाळाची शीही संडासातच टाकायची, गटारात किंवा उकिरड्यावर नको. शेवटची पातळ शी झाल्यावर ४८ तास मुलाला शाळेत, पाळणाघरात पाठवू नका.

रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडाने, फुकट देतात. कार्डावर त्या तीन नोंदी आहेत का ते पाहा. एखादा डोस राहिला असेल तर आशाताईंना लगेच विचारा, कारण ही लस उशिरा सुरू करता येत नाही.

जुलाब १४ दिवसांहून लांबले, किंवा थांबून पुन्हा पुन्हा होत राहिले, तर घरच्या उपायांवर न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सोबत न्यायच्या कागदावर एवढंच लिहा: सुरुवातीची तारीख, रोज किती वेळा शी आणि उलटी, किती मिली पाजलं, शेवटची लघवी किती वाजता आणि मुलाचं शेवटचं मोजलेलं वजन.